दहावीच्या वर्गातील एक वर्ष

शाळेविषयी बोलावयाचे म्हटले की वक्ता बहुधा शिक्षणाच्या ध्येयापासून आरंभ करतो. माझा तसा विचार नाही. ध्येयांविषयी अधिकारवाणीने बोलणारे पुष्कळ आहेत, आणि मी गणिताचा एक साधा शिक्षक. तोही आता निवृत्त झालेला. सोलापुरातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी तीस वर्षे बीजगणित आणि भूमिती शिकविली. त्यांतील अखेरचे वर्ष २०२३-२४ चे. त्या वर्षी दहावीच्या एका तुकडीचा मी वर्गशिक्षक होतो. जूनपासून मार्चपर्यंत त्या एका खोलीत काय काय शिकले गेले, ते आठवेल तसे आज आपणांपुढे मांडणार आहे.

दहावीचे वर्ष म्हणजे परीक्षेचे वर्ष, अशी आपल्या समाजाची पक्की समजूत आहे. एके काळी मुंबई विद्यापीठ मॅट्रिकची परीक्षा घेत असे. पुढे शालान्त परीक्षा आली, ती अकरावीला होई. १९७५ सालापासून ती दहावीला होऊ लागली. नाव बदलले, इयत्ता बदलली, धाक मात्र तोच राहिला. ज्या घरात दहावीचा विद्यार्थी असतो तेथे दूरचित्रवाणीचा आवाज बंद होतो, पाहुण्यांना सुट्टीत या म्हणून सांगितले जाते, आणि शेजारचे काका विचारतात ते एवढेच, की किती टक्क्यांची तयारी आहे? त्या दहा महिन्यांत मूल काही नवे शिकतही असते, हे कोणाच्या ध्यानीमनी नसते. आमच्या शिक्षकांच्याही नसते, हे कबूल केले पाहिजे. तास संपल्याची घंटा झाली की भूगोल वर्गाबाहेर जातो आणि गणित आत येते. दारात दोघांची गाठ पडली तरी ओळख असल्याचे दाखवीत नाहीत.

माझ्या तुकडीत साठाच्या आतबाहेर मुले होती. पहिल्याच आठवड्यात मी विचारले, घरी कोणती भाषा बोलता? निम्म्याहून कमी हात मराठीसाठी वर आले. पूर्वभागातील पद्मशाली कुटुंबांतील मुले घरी तेलुगू बोलणारी. अक्कलकोटच्या बाजूची आणि शहरातील काही लिंगायत घरांतील मुले कानडी बोलणारी. पाचसहा जणांची भाषा उर्दू, दोघांची मारवाडी. सोलापूरकरांना यात नवल नाही. बाराव्या शतकातील ज्या सिद्धरामांचे नाव या नगरीने मस्तकी धारण केले आहे, त्यांची वचने कानडीत आहेत. १८७७ साली जी पहिली कापडगिरणी येथे निघाली आणि जी पुढे जुनी गिरणी म्हणून ओळखली गेली, तिने आणि तिच्यामागून आलेल्या गिरण्यांनी व मागांनी तेलंगणातून विणकर येथे आणले. तेव्हा आमचा मराठीचा तास हा निम्म्या वर्गाला मातृभाषेचा तास नव्हताच, जरी वेळापत्रकात तो प्रथम भाषेचा म्हणून लिहिलेला होता.

मराठीच्या बाईंनी एकदा निबंधाच्या वह्या माझ्यासमोर टाकल्या आणि म्हणाल्या, “सर, हे पाहा. खुर्ची पडला, दार उघडली, फळा पुसले. दहावीची मुलं ही!” त्यांचा संताप समजण्याजोगा होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात हाच विषय काढला, तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलाने उभे राहून विचारले, “बाई, खुर्ची ती का, आणि फळा तो का?” बाई क्षणभर थांबल्या. उत्तर असे काही नव्हतेच. तेलुगूत आणि कानडीत निर्जीव वस्तूला पुरुष किंवा स्त्री मानीत नाहीत. ज्याला जीव नाही त्याला लिंगही नाही, हा त्या भाषांचा साधा न्याय. मराठीने मात्र घरातील भांड्यांपासून आकाशातील ग्रहांपर्यंत प्रत्येकाला तो, ती किंवा ते यांपैकी एका रांगेत बसविले आहे. जन्माने मराठी असलेल्याला हे कधी जाणवतच नाही, कारण तो ते आईच्या मांडीवर शिकलेला असतो. बाईंनी मग एक चांगली गोष्ट केली. त्यांनी फळ्यावर तीन रकाने आखले आणि तेलुगू बोलणाऱ्या मुलांनाच नियम शोधण्यास सांगितले. मुलांनी शोधले, की ईकारान्त निर्जीव नामे बहुतेक ‘ती’ असतात, आकारान्त बहुतेक ‘तो’; पाणी, लोणी, मोती यांनी मात्र नियम मोडला. मराठी घरांतील मुले तोंडात बोट घालून पाहत राहिली. आपल्या बोलण्यात काही नियम आहे हेच त्यांना त्या दिवशी कळले.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला. मोसमी वारे २५ जूनला मुंबईस पोहोचले, आणि त्याच दिवशी दिल्लीसही. भूगोलाच्या बाईंना ही आयतीच संधी मिळाली. २०१८ साली दहावीसाठी जे भूगोलाचे पुस्तक आले त्यात भारत आणि ब्राझील या दोन देशांची तुलना आहे. प्राकृतिक रचना, हवामान, लोकसंख्या, शेती, सारे काही जोडीने. पुष्कळ पालकांनी ते पाहून नाके मुरडली. आपल्या मुलाला ब्राझीलशी काय करावयाचे? मलाही प्रथम तसेच वाटले होते. परंतु एके दिवशी शेजारच्या खोलीत माझा तास नव्हता म्हणून मी मागे जाऊन बसलो, आणि बाई सांगत होत्या ते ऐकले. ब्राझीलच्या ईशान्य भागात उच्चभूमीच्या कड्यामुळे समुद्रावरून येणारे वारे अडतात, पाऊस किनाऱ्याच्या अंगाला पडून जातो, आणि पलीकडचा प्रदेश कोरडा राहतो. त्याला अवर्षण चतुष्कोण असे नाव आहे. बाईंनी फळ्यावर तो कडा काढला. मग ब्राझील हा शब्द पुसून त्या जागी सह्याद्री लिहिले. महाबळेश्वरास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरांच्या आत असलेल्या सोलापुरास एक हजार मिलिमीटरही मिळत नाहीत. त्याच्या पुष्कळच खाली आपला हिशेब राहतो. एक मुलगी सहज बोलून गेली, “म्हणजे तिथलीही माणसं घागरी घेऊन रांगेत उभी राहत असतील.” बाईंनी तेवढ्यावर पुस्तक मिटले. मला वाटते, त्या दिवशीचा धडा तेथेच संपला होता.

पुढे ऑगस्ट महिना जवळजवळ कोरडा गेला. १९०१ पासूनच्या नोंदींत भारतात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. त्या आरंभीच्या दिवसांतील एक प्रयोग मला विस्ताराने सांगावयाचा आहे, कारण माझ्या तीस वर्षांतील तो माझा सर्वांत आवडता तास आहे, आणि तो माझा तास नव्हता.

सोलापूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. त्यामुळे वर्षातून दोन दिवस सूर्य भर माध्यान्ही आपल्या अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. पहिला दिवस मेच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. तेव्हा शाळेला सुट्टी असते. दुसरा येतो ऑगस्टच्या आरंभी, दोन किंवा तीन तारखेला. तेव्हा बहुधा आभाळ भरलेले असते. २०२३ साली आभाळाने कृपा केली, किंवा अवकृपा केली म्हणा. विज्ञानाच्या शिक्षकांनी मैदानावर एक मीटर लांबीची नळी ओळंबा लावून उभी केली. बारा वाजता आम्ही सारे भोवती जमलो. ढग आले, गेले. पुन्हा उघडीप झाली. आणि बाराच्या ठोक्याला सावली काही नाहीशी झाली नाही. पश्चिमेकडे ती स्पष्ट पडलेली होती. पट्टीने मोजली तर चौदा सेंटिमीटर भरली. मुले हसू लागली. एक जण म्हणाला, “सर, पुस्तक चुकलं.” दुसरा म्हणाला, “घड्याळ चुकलं.”

चुकले होते घड्याळच, परंतु साऱ्या देशाचे एकदम. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावरून धरतात. ते मिर्झापूरजवळून जाते. सोलापूर पंचाहत्तर अंश पंचावन्न मिनिटांच्या आसपास. मधले अंतर साडेसहा अंशांहून किंचित अधिक. एका अंशाला सूर्य चार मिनिटे घेतो. म्हणजे सोलापूरचा सूर्य घड्याळाच्या सव्वीस मिनिटे मागे चालतो. पृथ्वीची कक्षा अगदी वर्तुळाकार नाही आणि तिचा अक्ष कललेला आहे, म्हणून ऑगस्टच्या आरंभी त्यात आणखी सहा मिनिटांची भर पडते. आम्ही थांबलो. मधली सुट्टी संपली, घंटा झाली, तरी कोणी हलेना. साडेबारा वाजून दोनतीन मिनिटे झाली आणि नळीची सावली तिच्या बुडाशी विरून गेली. त्या क्षणी कोणी टाळ्या वाजविल्या नाहीत. सारी मुले आपापल्या पायांकडे पाहत होती.

त्या चौदा सेंटिमीटरांचा आकडा मी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आणि शिपायाला तो पुसू नको म्हणून सांगितले. डिसेंबरात त्रिकोणमिती आली. बारा वाजता सूर्याला माथ्यावर येण्यास बत्तीस मिनिटे उरली होती. चार मिनिटांना एक अंश, म्हणजे तो माथ्यापासून आठ अंश ढळलेला होता. आठ अंशांचा टॅन किती? कोष्टकात पाहिले : ०.१४०५. एक मीटरच्या नळीला चौदा सेंटिमीटर. पुढच्या बाकावरील मुलगा ताडकन उठला आणि कोपऱ्यातल्या त्या आकड्याकडे बोट दाखवून ओरडला. चार महिने ती संख्या तेथे होती, आणि ती कशासाठी आहे हे कोणी विचारले नव्हते.

चांद्रयान-३ त्याच ऑगस्टच्या २३ तारखेस सायंकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चंद्रावर उतरले. दहावीच्या विज्ञानात गुरुत्वाकर्षण हे पहिलेच प्रकरण आहे आणि अवकाश मोहिमा हे पहिल्या भागातील अखेरचे. शाळा सुटूनही मुले थांबली होती. त्याविषयी वृत्तपत्रांत इतके आले आहे, की मी आणखी काही सांगत नाही.

आता माझ्या विषयाकडे येतो. अंकगणिती श्रेढी हे बीजगणितातील तिसरे प्रकरण. पहिले पद, सामान्य फरक, एन पदांची बेरीज. मुलांना सूत्रे पाठ असतात आणि ती कशासाठी आहेत हे ठाऊक नसते. मी नेहमीप्रमाणे नाट्यगृहातील खुर्च्यांच्या रांगा आणि बचत खात्यातील वाढती रक्कम ही उदाहरणे देत होतो. मधल्या सुट्टीत एक मुलगा माझ्याकडे आला. त्याचे वडील यंत्रमागावर कामाला. तो म्हणाला, “सर, मागावर कापड बीमवर गुंडाळतं ना, तर त्याचा प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यापेक्षा थोडा मोठा असतो. ती श्रेढी आहे का?”

श्रोतेहो, सोलापुरात मी जन्मलो, सोलापुरी चादर अंगावर घेऊन वाढलो, तीस वर्षे श्रेढी शिकविली, आणि हे माझ्या कधी मनात आले नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही तेच उदाहरण घेतले. समजा, बीमचा व्यास दहा सेंटिमीटर आणि कापडाची जाडी एक मिलिमीटर. प्रत्येक फेऱ्याला त्रिज्या एका मिलिमीटरने वाढते; म्हणजे फेऱ्याची लांबी दोन पाय गुणिले एक, सुमारे सव्वासहा मिलिमीटरांनी वाढते. दरवेळी तितकीच. हीच अंकगणिती श्रेढी. शंभर फेरे झाले तर त्रिज्या पाच सेंटिमीटरांपासून पंधरा सेंटिमीटरांपर्यंत गेली. सरासरी दहा. सरासरी फेरा ६२.८ सेंटिमीटरांचा, शंभर फेऱ्यांचे ६२.८ मीटर कापड.

तेवढ्यात एका मुलीने हात वर केला. ती म्हणाली, भूमितीनेही हे निघेल. गुंडाळीच्या तोंडाकडून पाहिले तर मोठ्या वर्तुळातून लहान वर्तुळ वजा केल्यासारखे कडे दिसते. त्याचे क्षेत्रफळ काढून कापडाच्या जाडीने भागावयाचे. पंधराचा वर्ग दोनशे पंचवीस, पाचचा वर्ग पंचवीस, वजाबाकी दोनशे, त्याला पायने गुणून ६२८ चौरस सेंटिमीटर. भागिले एक दशांश सेंटिमीटर. ६,२८० सेंटिमीटर. तेच ६२.८ मीटर. बीजगणित आणि भूमिती ही दोन वेगळी पुस्तके आहेत, भाग एक आणि भाग दोन, त्यांच्या प्रश्नपत्रिका वेगळ्या, दिवस वेगळे. त्या दोघांनी एकाच कापडाची लांबी एकच सांगितली, याचे मुलांना जे आश्चर्य वाटले ते पाहून मला माझीच लाज वाटली. मुलाने घरी जाऊन वडिलांना सांगितले. वडील म्हणाले, यात काय विशेष, आम्ही हात ठेवून सांगतो. आणि ते सांगतात. पण दाबून गुंडाळलेले कापड सैल कापडापेक्षा जास्त बसते, तुमच्या सूत्रात ते कुठे आहे, असेही त्यांनी विचारून पाठविले. त्याला मी उत्तर देऊ शकलो नाही. जाडी दाबानुसार बदलते हे मान्य केले, आणि तसे कळविले.

येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो. चादरीवरची नक्षी ज्या जॅकार्ड यंत्रामुळे विणली जाते ते १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये सिद्ध झाले. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवरून कोणता दोरा उचलावयाचा हे ते यंत्र ठरविते. चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्रासाठी तीच पुठ्ठ्यांची युक्ती घेण्याचे योजिले, आणि आजच्या संगणकाची वंशावळ तेथपर्यंत जाऊन भिडते. पूर्वभागातील कितीतरी मुलांच्या घरी ही पुठ्ठ्यांची माळ खाटेखाली पडलेली असते.

वर्गात जिने कड्याचे क्षेत्रफळ सांगितले, त्या मुलीविषयी आता बोलले पाहिजे. तिचे नाव सांगत नाही. तिची आई विड्या वळते. सोलापुरात हजारो स्त्रिया हे काम करतात. कारखान्यातून तेंदूची पाने आणि तंबाखू घरी आणावयाची, विड्या वळून परत न्यावयाच्या, आणि हजाराच्या हिशेबाने मजुरी घ्यावयाची. जुलैत ही मुलगी माझ्या तासाला रोज डुलक्या घेई. मी एकदा तिला सर्वांसमक्ष उभे केले आणि बोलू नये ते बोललो. ‘झोपायला घर नाही का?’ असे माझे शब्द होते. ती काही बोलली नाही. शेजारच्या मुलीने नंतर मला सांगितले, की ती पहाटे चारला उठून आईबरोबर विड्यांना दोरा बांधते, आणि मग शाळेत येते.

हे मला खरोखर समजले ते इतिहासाच्या तासामुळे. दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकाचा आरंभ इतिहासलेखनापासून आहे : साधने कोणती, पुरावा कशाला म्हणावयाचे, तो तपासावयाचा कसा. आमच्या इतिहासाच्या शिक्षकांनी मुलांना प्रथम हुतात्मा चौकात नेले. १९३० सालच्या सोलापूरची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्या वर्षी ६ एप्रिल रोजी येथील नगरपालिकेवर तिरंगा फडकला. गांधीजींच्या अटकेनंतर शहर उसळले. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारण्यात आला आणि तो जूनअखेरपर्यंत चालला. आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. वर्गातील प्रत्येक भाषेचे मूल त्या चार नावांत आपल्या शेजाऱ्याचे नाव ओळखू शकत होते. शिक्षकांनी विचारले, हे आपल्याला कसे कळले? कोणी लिहून ठेवले? सरकारने काय लिहिले, लोकांनी काय सांगितले, दोन्हींत अंतर पडले तर काय करावयाचे? मग त्यांनी प्रत्येकाला घरातील एक जुना कागद आणावयास सांगितले.

मुलांनी पत्रिका आणल्या, लग्नपत्रिका आणल्या, गिरणीतील हजेरीची कार्डे आणली. एकाने पणजोबांचा डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या घराजवळ काढलेला फोटो आणला. १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेलेले आणि १९४२ साली तेथेच वारलेले कोटणीस सोलापूरचे, हे त्याने अभिमानाने सांगितले. त्या मुलीने आईची विड्यांची नोंदवही आणली. पाने किती दिली, तंबाखू किती दिला, विड्या किती आल्या, त्यांतील किती नाकारल्या, मजुरी किती झाली. तारीखवार, अनेक वर्षांची. इतिहासाच्या शिक्षकांनी ती टेबलावर हुतात्म्यांविषयीच्या कागदांशेजारी ठेवली आणि म्हणाले, हेही साधन आहे. मग त्यांनी ती मला दाखविली, कारण पानांच्या कडेला पेन्सिलीने केलेली गणिते होती. नाकारलेल्या विड्यांचे शेकडा प्रमाण महिन्यामहिन्याने काढलेले होते. पावसाळ्यात ते वाढते, उन्हाळ्यात कमी होते. पाने दमट असली की विडी नीट वळत नाही, असे खाली तेलुगू लिपीत लिहिले होते. ते मला तिनेच वाचून दाखविले. आकडे तिचे, निष्कर्ष आईचा.

याच मुलीला माझ्या सप्टेंबरच्या चाचणीत अर्थनियोजनाच्या प्रकरणात वीसपैकी सहा गुण पडले होते. कर, भाग, गुंतवणूक. मी दिलेल्या उदाहरणांतील माणसे दलाली देऊन समभाग विकत घेत होती. तिच्या ओळखीचे त्यांत कोणी नव्हते. मी तिची क्षमा मागितली काय? नाही. त्या वेळी ते मला सुचले नाही, किंवा शिक्षकाने विद्यार्थ्याची क्षमा मागावी हे मनाला पटले नाही. सकाळच्या पहिल्या तासाऐवजी गणित चौथ्या तासाला घ्यावे अशी खटपट मात्र मी मुख्याध्यापकांकडे केली, आणि ती दिवाळीनंतर सफल झाली.

दिवाळी झाली ती दुष्काळाच्या छायेत. ३१ ऑक्टोबरला राज्यातील चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला होता, आणि आपल्या जिल्ह्यातील तालुके त्यांत होते. भीमेवरचे उजनी धरण त्या पावसाळ्यात भरलेच नव्हते. हिवाळा पुरता सरण्यापूर्वी वृत्तपत्रांत ‘उजनी उणे’ असे मथळे येऊ लागले. मुले विचारू लागली, पाणी उणे कसे असेल? रिकामे म्हणजे शून्य, शून्याखाली काय?

ज्या श्रोत्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. उजनीचा उपयुक्त साठा ५३.५७ अब्ज घनफूट, आणि त्याच्या खाली जो मृत साठा तो ६३.६६ अब्ज घनफूट. तळाचे पाणी वरच्या पाण्याहून जास्त, ही या धरणाची खासियत. शून्य टक्के म्हणजे मृत साठ्याची पातळी; त्याखालचे पाणी उपसले तर आकडा उणे होतो, परंतु टक्केवारी उपयुक्त साठ्यावरच काढतात. मी फळ्यावर संख्यारेषा उभी काढली. मुलांनी गणित केले : धरण पूर्ण कोरडे पडले तर उणे किती? ६३.६६ भागिले ५३.५७, उणे ११९ टक्के. उणे शंभर हा शेवट नव्हे, हे कळल्यावर वर्गात एक विचित्र शांतता पसरली. त्यांच्या घरी नळाला पाणी चारपाच दिवसांआड येत होते. पुढे त्या उन्हाळ्यात आकडा उणे पन्नासच्याही खाली गेला. तेव्हा मुले परीक्षा देऊन मोकळी झाली होती, पण त्यांतील दोघे रोज सकाळी मला तो आकडा कळवीत असत.

जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा आली. सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, गड्ड्यावरील पाळणे. त्या आठवड्यात सोलापुरात कोणी अभ्यास करील अशी अपेक्षा बाहेरगावाहून आलेला अधिकारीच करू शकतो. आमच्या सराव परीक्षेचा एक पेपर यात्रेला लागून ठेवला गेला होता. निकाल काय लागला ते सांगत नाही.

पाठ्यपुस्तकांविषयी एक शब्द. त्यांच्या पानांवर जी चौकोनी संकेतचिन्हे छापलेली असतात, ती दूरध्वनीने टिपली की चित्रे आणि ध्वनी उघडतात. ही कल्पना ज्यांनी प्रथम रुजविली ते रणजितसिंह डिसले आपल्याच जिल्ह्यातील, माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे तेव्हाचे शिक्षक. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि दहा लाख डॉलरांच्या त्या पुरस्कारातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य शिक्षकांना वाटून दिली. माझ्या वर्गात त्या चिन्हांचा उपयोग ज्यांच्या घरी दूरध्वनी रात्री मोकळा असे, तेवढीच मुले करीत. वडील रात्रपाळीला गेले की दूरध्वनीही रात्रपाळीला जाई.

परीक्षा १ मार्चला सुरू झाली. निकाल २७ मे २०२४ रोजी लागला. राज्याचा ९५.८१ टक्के. ज्या राज्यात शंभरांतील शहाण्णव मुले उत्तीर्ण होतात, तेथे उरलेल्या चारांकडे कोणी पाहत नाही. माझ्या वर्गातही तसे तिघे होते, आणि लिंगाचा प्रश्न विचारणारा तो मागच्या बाकावरील मुलगा त्यांपैकी एक. तो मराठीत उत्तीर्ण झाला होता. गणितात राहिला. जुलैच्या पुरवणी परीक्षेसाठी तो माझ्या घरी येत असे, आणि त्या वेळी तो निघालाही.

गुणपत्रके वाटण्याच्या दिवशी ती मुलगी आईला घेऊन आली. आईला मराठी समजते, वाचता येत नाही. मुलगी एकेक विषय वाचून तेलुगूत सांगत होती. सर्वोत्तम पाच विषयांचे मिळून पाचशेपैकी तीनशे सत्तावन्न झाले होते. आईने सारे ऐकून घेतले आणि मला मराठीत विचारले, “सर, म्हणजे पाचशेतले किती नाकारले?”

मी सांगण्यापूर्वीच मुलगी म्हणाली, “एकशे त्रेचाळीस.”

“पावसाळ्याचे आहेत,” आई म्हणाली.

तो अर्थ मला घरी आल्यावर लागला. त्यानंतर तिने अकरावीसाठी वाणिज्य शाखेचा अर्ज भरला. त्यावर पालकाची सही तेलुगूत आहे. महाविद्यालय सकाळी सातला भरते. पहाटेच्या विड्यांचे काय होणार हे मी विचारले, तेव्हा आई म्हणाली, की दोरा बांधावयास धाकटा आहे. तो त्या वर्षी सातवीत होता.